वर माणूस आहे

घरातली जी वस्तू पाच मिनिटं एका जागी थांबेल तिला आमची ही स्वेटर घालते, असं तिचा नवरा आल्यागेल्याला सांगायचा, आणि त्यात फार अतिशयोक्ती नव्हती. किटलीला झबलं होतं, गरम पाण्याच्या पिशवीला टोपडं होतं, दाराच्या मुठीला मोजा होता. दिवाणावरच्या चारही उशा अंगरखे घालून बसल्या होत्या. नवऱ्याचे बिनबाह्यांचे स्वेटर चार, लेकीचे तिच्या उंचीबरोबर वाढत गेलेले नऊ, नणंदेच्या मुलांना दर थंडीत टोप्या. स्वतःसाठी म्हणाल तर पंचवीस वर्षांत तिने एक मोजा विणला होता. एकच. दुसऱ्याचे टाके सुईवर घातले तेवढ्यात कोणाचं तरी बाळंतपण निघालं, आणि ते टाके सुईसकट कपाटात राहिले ते राहिलेच. कपाट आवरताना तो एकटा मोजा हाती लागला की ती त्यात हात घालून बघायची आणि पुन्हा जागच्या जागी ठेवायची.

विणायला तिला कधी सवड लागली नाही. दूध वर यायच्या आत एक ओळ, कपडे भिजेपर्यंत दोन. "माझं विणकाम दुसऱ्यांच्या उष्ट्या वेळावर वाढलंय," असं ती म्हणायची, आणि हसायची. हे हसणंही तिला सवयीने यायचं, उलट्या टाक्यानंतर सुलटा यावा तसं.

मग अप्पा बिघडले.

अप्पा म्हणजे तिचे सासरे. विजेच्या खात्यात लाइनमन होते. खांबांवर तारा ओढण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. आता खात्याने त्यांना सोडलं होतं आणि त्यांनीही एकेक गोष्ट सोडत आणली होती. सकाळ आहे की संध्याकाळ, जेवण झालं की व्हायचंय, समोरची बाई कोण, सगळं सुटलं. काम तेवढं सुटलं नाही. दिवसातून दोन-तीनदा ते उठायचे, "खोळंबा झाला असेल तिकडे," असं पुटपुटत दार उघडायचे, आणि गल्लीच्या टोकाला खांबाखाली जाऊन वर बघत उभे राहायचे. खांब अगदी रस्त्याच्या कडेला. एकदा एका टेम्पोचा आरसा त्यांचा खांदा घासून गेला. एकदा कोपऱ्यावरच्या शिंप्याने हाताला धरून घरी आणलं आणि तिच्याकडे असं बघितलं, की जणू तीच रस्त्यात सापडली होती.

त्या दिवशी दाराला कुलूप लावायचा विषय निघाला. नवरा ताटावरून उठला.

"माझ्या बापाला मी कोंडणार नाही. चोर आहेत का ते?"

तो डोळे पुसत हात धुवायला गेला, आणि त्यात नाटक काही नव्हतं. फोनवर नणंदही रडली. "वहिनी, परक्या बाईच्या हातीही नका हो देऊ अप्पांना. तुम्ही घरातच असता की."

तेव्हा दाराला कुलूप लागलं नाही. सून लागली.

तीन महिने तिने उंबऱ्याबाहेरचं जग खिडकीतून बघितलं. खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची भिंत दिसायची, तिच्यावरून उतरणारा एक पाण्याचा पाइप, आणि पाइपाच्या सांध्यात उगवलेलं एक झाड. झाडाला सात पानं होती. आठवं येता येता वाळलं. हे तिला माहीत होतं, कारण रोज बघायला तेवढंच होतं. अप्पा झोपले तरच ती न्हाणीघरात जायची, आणि तेही दार अर्धं उघडं ठेवून.

लडीची गोष्ट त्यात अपघाताने घडली. चांगली लोकर गुंड्यात येत नाही, लडीत येते. म्हणजे हातभर लांब सैल वेढ्यांची जुडी. ती तशीच विणायला घेतली तर गुंता झालाच म्हणून समजा. एकाने दोन हात पुढे करून लडी ताणून धरायची आणि दुसऱ्याने समोर बसून गुंडा करायचा, अशी रीत. पूर्वी हे काम लेक करायची. मग लेकीचे दोन्ही हात फोनला लागले आणि तिची जागा खुर्चीच्या पाठीने घेतली.

त्या दुपारी तिच्याकडे राखाडी-निळ्या लोकरीच्या आठ लड्या होत्या. बऱ्याच आधी, अप्पा ठीक असताना, आणून ठेवलेल्या. शाल करायची होती, स्वतःला. ती पहिली लडी खुर्चीवर चढवतच होती तोवर अप्पा उठून दाराशी पोचले. कडीवर त्यांचा हात. तिचं डोकं असं सणकलं की ती गेली आणि त्यांच्यावर ओरडायच्या ऐवजी तिने ती लडीच त्यांच्या हातांवर घातली.

"हे धरा जरा!"

अप्पा थांबले. दोन्ही कोपरं कमरेला आली, अंगठे वर झाले, लडी हवी तेवढी ताणली गेली, जास्त नाही, कमी नाही. मग त्यांनी छताकडे बघितलं.

"वर कोण आहे?"

तिने इकडेतिकडे बघितलं. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"मी आहे, अप्पा."

"पट्टा बांधलास का रे?"

"बांधला."

"मग कर काम. मी धरलंय खाली." आणि ते दिवाणावर बसले, ताठ.

तिने टोक शोधलं आणि गुंडाळायला लागली. अप्पांचे हात धाग्याबरोबर अगदी थोडे डावी-उजवीकडे हलत होते, आपसूक, झोपेतल्या मुलाच्या तोंडासारखे. मध्येच त्यांनी विचारलं, "वरून काय दिसतं?"

"काय दिसणार? पाइप दिसतो. झाड दिसतं."

"बरं."

लडी संपली तरी हात पुढेच. "उतरलास का?" त्यांनी विचारलं.

"उतरले."

"पाय टेकले?"

"टेकले, अप्पा." तेव्हा कुठे ते हात खाली आले. पाऊण तास झाला होता. तीन महिन्यांत ते इतका वेळ एका जागी बसले नव्हते.

जेवताना तिने नवऱ्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो खुलला, बापाच्या पराक्रमाचा विषय निघाला की तो नेहमीच खुलायचा. "अगं, त्यांच्या कामाचा कायदाच होता तो. एक कमरेला पट्टा बांधून वर चढणार, एक खाली तार धरणार. वरचा जमिनीला पाय टेकवून 'उतरलो' म्हणत नाही तोवर खालच्याने हात सोडायचा नाही, बसायचं नाही, मान वळवायची नाही. दुसऱ्या टोळीतला एक गडी चहा प्यायला गेला होता मध्येच. वरचा गेला. अप्पांच्या हाताखाली एकतीस वर्षांत एक माणूस पडला नाही." मग भात कालवत म्हणाला, "का गं?"

"काही नाही. बडबडत होते आज."

हे तिने का लपवलं, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. म्हातारा दोरीने बांधावा तसा लोकरीने बांधला, असं कोणी म्हणेल याची भीती असेल. किंवा एवढी एकच वस्तू तिच्या मालकीची आहे, असंही वाटलं असेल.

दुसऱ्या दिवसापासून रोजचं झालं. लडीचा गुंडा, आणि गुंड्याची खुर्चीच्या पाठीवर परत लडी. तिने जुन्या लाल स्वेटरची उसवलेली लोकर वापरून बघितली. ती मध्येच तुटली आणि अप्पा किंचाळून उठले, "तार तुटली! माणूस आहे वर!" त्यांना शांत करायला तासभर गेला. म्हणजे चांगलीच लोकर हवी, न तुटणारी. तिचीच. शाल दहा ओळींवर थांबली. त्या आठ लड्यांतली एक तर गुंडाळून गुंडाळून पिसासारखी झाली. तिच्यावरची चकाकी गेली आणि अप्पांच्या हातांना खोबरेल लावलेलं असायचं त्याचा वास तिला लागला.

मग एक दिवस दूध नासलं. चहा हवा होता, घरात थेंब नव्हता. अप्पा लडी धरून बसले होते. ती उठली. "मी वर आहे, अप्पा," असं म्हणाली आणि चपला घातल्या. कोपऱ्यापर्यंत पळत गेली, पळत आली. सहा मिनिटं. अप्पा होते तसेच, नजर छताला.

"पाय टेकले?"

"टेकले," ती धापा टाकत म्हणाली, आणि तिला इतकं हसू आलं की दुधाची पिशवी हातातून सुटली.

सहाची दहा झाली, दहाची वीस. आणि एक दिवस ती पार लोकरीच्या दुकानापर्यंत पोचली. दुकानवाल्या बाई जाड भिंगांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून चष्म्यावरून बघायच्या.

"आहेस का गं तू? मला वाटलं, गुंड्यात गुंडाळली गेलीस कुठे."

"तसंच काहीसं."

"ऐक. बुधवारी दुपारी वरच्या खोलीत वर्ग सुरू करतेय. अडीच ते साडेचार. आठ बायका आहेत. मला जिना चढवत नाही आणि शिकवायला लागले की मी शिव्या देते. तुझा हात मी बघितलाय. घेशील?"

तिच्या आयुष्यात हे वाक्य कोणी तिला म्हटलं नव्हतं. कर, आण, बघ, थांब, हे म्हटलं होतं. घेशील? असं विचारलं नव्हतं. ती "बघते" म्हणाली आणि परत येताना वाटेत दोनदा चुकीच्या गल्लीत वळली.

नवरा नाही म्हणाला नाही. तो कधीच नाही म्हणत नसे. त्याच्या हातून फक्त हो व्हायचं राहून जायचं. "तुझ्या हौसेच्या आड मी कधी आलोय का? फक्त अप्पांचं बघ."

"तीनला पोरगी येते कॉलेजातून. ती बसेल."

"आणि सव्वादोन ते तीन?"

"शेजारच्या काकू बसतील," ती म्हणाली.

काकूंना तिने विचारलंच नव्हतं. काकूंचे गुडघे असे की त्या स्वतःच्या खुर्चीतून उठायच्या आधी दोनदा विचार करायच्या. पण वाक्य तोंडातून निघालं, आणि निघालेलं वाक्य ती उसवू शकली नाही.

बुधवारी सव्वादोनला तिने अप्पांना पाणी दिलं, न्हाणीघरात नेऊन आणलं, पाठीशी उशी लावली. लडी घातली. "पट्टा बांधलाय, अप्पा. मी वर आहे. आज काम मोठं आहे."

"असू दे. मी धरलंय."

वरची खोली लहान होती. एक लांब टेबल, नऊ खुर्च्या, आणि दोन्ही बाजूंनी वारा येणाऱ्या खिडक्या. आठ बायकांच्या सोळा सुया तिच्याकडे वळल्या. पहिली दहा मिनिटं तिचा आवाज तिलाच परका वाटला. मग एकीने टाके इतके आवळून घातले की सुई हलेना. "अहो, गळा दाबायचा नाहीये, कपडा करायचाय," असं ती बोलून गेली आणि सगळ्या खदखदून हसल्या. त्यानंतर तिचं घड्याळाकडे लक्ष गेलं नाही. फोन पिशवीत होता, पिशवी लोकरीखाली होती. तीनला लेक येणार होती. लेक आली की लडी काढून घेणार, अप्पांना चहा देणार. एवढं साधं होतं ते. निसटलेला टाका सुई फिरवून उचलायला ती शिकवत होती, आणि स्वतःच्या हातून काय निसटलंय ते तिला दिसत नव्हतं. लडी काढायची तर आधी एक शब्द लागतो, आणि तो शब्द तिने आजवर कोणालाही सांगितला नव्हता.

पावणेपाचला ती घरी आली. दार नुसतं लोटलेलं होतं.

अप्पा दिवाणावर होते. हात पुढे, लडी ताणलेली. हात थरथरत होते, खांद्यापासून बोटांपर्यंत, एकसारखे, आणि लोकरही थरथरत होती. धोतर ओलं झालं होतं. दिवाणाखाली थारोळं होतं आणि त्या थारोळ्यात गुडघे टेकून तिची लेक बसली होती, कॉलेजच्या कपड्यांतच, पाठीवरची सॅकही न काढता. तिने आपल्या दोन्ही तळहातांनी आजोबांची कोपरं खालून उचलून धरली होती. अंगरखे घातलेल्या दोन उशा बाजूला पडल्या होत्या. त्या लावून बघितल्या असाव्यात.

"फोन का नाही उचललास?" लेक म्हणाली. तिचा आवाज रडून रडून कोरडा झाला होता. "लडी घ्यायला गेले तर मला ढकललं त्यांनी. म्हणाले, वर माणूस आहे. मी म्हटलं, कोणी नाहीये अप्पा, बघा ना वर, कोणी नाही. तर म्हणाले, तुला दिसत नाही. मी पावणेदोन तास अशी बसलेय, आई. माझे हात सुटत नाहीयेत."

ती पुढे झाली. 

"उतरलास का रे?" अप्पांनी विचारलं. आवाज अगदी बारीक होता. नजर अजून छताला.

"उतरले, अप्पा."

"पाय?"

"टेकले. टेकले हो."

त्यांनी बोटं सैल केली. लडी मांडीवर पडली. हात मात्र खाली आले नाहीत. ते तसेच हवेत राहिले, फांद्यांसारखे, आणि मायलेकींनी एकेक हात धरून, चोळून चोळून, इंचाइंचाने ते खाली आणले. अप्पांच्या चेहऱ्यावर मात्र तिने लग्नानंतर कधी न बघितलेलं समाधान होतं.

"मोठं काम होतं आज," ते म्हणाले. "गड्याला चहा पाजा."

लेकीने फरशी पुसली. फडकं पिळताना ती मान वर न करता म्हणाली, "तू त्यांना बांधून गेली होतीस?"

"हो," ती म्हणाली. 

संध्याकाळी नवऱ्याने उत्साहाने विचारलं, "काय, मास्तरीणबाई? कसा झाला वर्ग? काकू आल्या होत्या ना?"

ती बोलायच्या आत लेक बोलली. ताटाकडे बघत. "आल्या होत्या."

एकाच वाक्याचा आधी एक धागा होता, आता दोन झाले. लेक ते खोटं आईसाठी बोलली हे तिला कळलं, आणि यापुढे हे खोटं दोघींना मिळून धरावं लागेल हेही कळलं. ती म्हणाली, "मी नाही जाणार पुढच्या बुधवारपासून."

"अगं का? मी कुठे नको म्हणतोय?" नवरा खरोखरच दुखावला. "बघ बाई. उद्या म्हणशील, मला कोणी जाऊ दिलं नाही."

दुकानवाल्या बाईंना तिने फोन केला.  बाई म्हणाल्या, "खुर्ची ठेवते महिनाभर. त्यापुढे ठेवता यायची नाही गं." कारण त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या बुधवारी दोन वाजता तिने सवयीने केस विंचरले. एकाच बुधवारची सवय, पण लागली होती. चपलांकडे न बघता ती खोलीत आली. अप्पा दिवाणावर होते. त्यांनी तिला बघितलं, आणि काही न सांगता, न मागता, दोन्ही हात पुढे केले.

"चढ," ते म्हणाले. "उशीर होतोय."

 त्यांच्या खांद्यांना अजून तेल चोळावं लागत होतं. काल रात्रीच नवऱ्याने विचारलं होतं, अप्पांचे हात का दुखतात म्हणून. तिने लडी आणली. घातली. आणि समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ स्टूल ओढून बसली.

"पट्टा?"

"बांधला."

ती गुंडाळू लागली. पिसासारखी झालेली लोकर बोटांतून जाताना आवाजही करत नव्हती. समोर खिडकी होती, भिंत होती, पाइप होता.

"वरून काय दिसतं?" अप्पांनी विचारलं.

पाइप, असं ती म्हणणार होती.

"एक खोली दिसते," ती म्हणाली. "लांब टेबल आहे. दोन्हीकडून वारा येतो."

"माणसं?"

"आठ बायका आहेत. एक जण टाके फार आवळते. तिला सांगायला हवं आज, की सुई बदल, तुझा हात नाही बदलायचा. एक जण विणता विणता मोजायची विसरते आणि दर वेळी पहिल्यापासून सुरू करते. एक नुसती बोलते. तिचं काम मात्र सगळ्यांत सरळ येतं."

"आणि?"

"आणि एक खुर्ची आहे."

"कोणाची?"

धागा तिच्या बोटांत क्षणभर थांबला. अप्पांच्या हातांना ते लगेच कळलं, तेही थांबले.

"जिन्यावर आहे ती," ती म्हणाली. "येतेय."

"घाई करू नको म्हणावं," अप्पा म्हणाले. "मी आहे खाली."

लडी संपली तेव्हा तीन वाजायला वीस मिनिटं होती; वर्ग साडेचारला सुटायचा. त्यांनी विचारलं, उतरलास का, आणि तिने उत्तर दिलं नाही. गुंड्याचं टोक शोधून तिने ते खुर्चीच्या पाठीला बांधलं आणि परत वेढे घ्यायला सुरुवात केली. अप्पांचे हात रिकामे होते, पण तसेच पुढे होते, अंगठे वर. ते छताकडे बघत होते, आणि मान वळवत नव्हते.